प्रवासांतील छायाचित्र : डोंगर आणि माणूस

शाळेची सहल परत आली कीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत छायाचित्रांची देवाणघेवाण सुरू होते. एकेका विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्यें दोनशें-तीनशें चित्रें असतात. तीं पाहूं गेल्यास दोन गोष्टी ध्यानांत येतात. जो किल्ला पाहून मुलगा तोंडांत बोट घालून उभा राहिला होता, तो त्याच्या चित्रांत मातीच्या ढिगाऱ्याएवढा दिसतो. आणि ज्या म्हातारीनें त्याला ताक दिलें तिचें चित्र जवळ असूनहि तिचें नांव काय असें विचारल्यास तो गप्प बसतो. पहिली उणीव दृष्टीची व थोडी विज्ञानाची आहे. दुसरी रीतीची आहे. ह्या दोन्ही उणिवा नव्या नव्हत. कॅमेरा घेऊन प्रवासी हिंदुस्थानच्या डोंगरांत चढूं लागले तेव्हांपासून त्या चालत आल्या आहेत. म्हणून छायाचित्रें कशीं काढावीं हें सांगण्यापूर्वीं तीं पूर्वीं कशीं काढलीं गेलीं हें आम्ही थोडें विस्तारानें सांगणार आहों.

सॅम्युएल बोर्न हा इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरच्या एका बँकेंतील कारकून. त्याचा जन्म सन १८३४ मधील. छायाचित्रणाच्या नादानें त्यानें नोकरी सोडली आणि सन १८६३ मध्यें तो कलकत्त्यास उतरून पुढें सिमल्यास गेला. त्याच वर्षीं जुलैच्या अखेरीस तो हिमालयाच्या पहिल्या सफरीवर निघाला व दहा आठवड्यांनीं १४७ चित्रांच्या कांचा घेऊन परत आला. सन १८६४ मधील दुसरी सफर कांगडा, चंबा व काश्मीर ह्या बाजूस झाली. सन १८६६ मधील तिसऱ्या सफरींत तो कुलू व स्पिती ह्या मुलखांतून जाऊन गंगेच्या उगमापर्यंत पोंचला. वाटेंत मणिरंग खिंडीवर, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्यानें चित्रें घेतलीं. तितक्या उंचीवर त्यापूर्वीं कोणीं छायाचित्र घेतल्याची माहिती नाहीं, व पुढें वीसएक वर्षें तो विक्रम कोणीं मोडला नाहीं. सन १८७० मध्यें तो हिंदुस्थान सोडून गेला. सात वर्षांत त्यानें दोन हजारांहून अधिक चित्रें काढलीं. शेपर्ड ह्या भागीदारासह त्यानें काढलेली कंपनी पुढें त्याच्या मरणानंतरहि शंभर वर्षें टिकली. तिचें कलकत्त्यांतील दुकान सन २०१६ मध्यें बंद झालें.

त्या काळचें छायाचित्रण म्हणजे काय होतें हें आजच्या मुलांस कळणें अगत्याचें आहे. प्रथम स्वच्छ कांचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा. स्फोटक कापूस ईथर व मद्यार्क ह्यांत विरघळवून तो करीत, आणि त्यांत आयोडिनचे क्षार मिसळीत. मग ती कांच अंधाऱ्या तंबूंत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची. त्यायोगें तिच्यावर प्रकाशास जाणणारा थर बसे. कांच ओली आहे तोंवर ती कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि तसेंच धांवत तंबूंत येऊन तें उमटवावयाचें. थर वाळला कीं कांच फुकट. कोरड्या हवेंत ह्या साऱ्या खटाटोपास दहा मिनिटांहून फारसा अधिक अवकाश मिळत नसे. शिवाय लहान कांचेवरून मोठें चित्र करण्याची सोय व्यवहारांत नव्हती. जेवढें चित्र हवें तेवढीच कांच पाहिजे. बोर्नच्या मोठ्या कांचा बारा इंच लांब व दहा इंच रुंद असत. अशा शेंकडों कांचा, औषधांच्या बाटल्या, कॅमेरे, छत्रीप्रमाणें उघडणारा व मिटणारा तंबू, धुण्यासाठीं पाण्याचीं भांडीं, आणि साहेबाचा स्वतःचा बाडबिस्तरा, हें सारें डोंगराच्या पाऊलवाटेनें माणसांच्या पाठीवरून न्यावयाचें. पहिल्या सफरीस तीसएक हमाल लागले. पुढें त्यांची संख्या वाढतच गेली.

त्या ओल्या थराचा आणखी एक स्वभाव होता. निळा प्रकाश त्यावर चटकन् उमटे, आणि तांबडा व पिवळा जवळजवळ उमटतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत आकाश पांढरें फटक असतें, त्यांत ढग सहसा सांपडत नाहींत, आणि हिरवी झाडी काळसर दिसते. भिंग कित्येक सेकंद उघडें ठेवावें लागे. तेवढ्यांत धबधब्याचें पाणी वाहून जाई व चित्रांत तें धुक्यासारखें उमटे. वाऱ्यानें हललेली फांदी पुसट होई. बोर्नच्या चित्रांत जी अपूर्व शांतता भरून राहिलेली दिसते ती हिमालयाची आहे हें खरें, पण तितकीच ती ओल्या कांचेचीहि आहे. साधन आपला स्वभाव चित्रांत घालीत असतें. आजचा मोबाईलहि तेंच करितो: तो एका क्षणाचें चित्र न घेतां पुष्कळदां लागोपाठच्या अनेक चित्रांची बेरीज करितो, सावल्या उजळतो, गवत अधिक हिरवें व आकाश अधिक निळें करितो. त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. कारखान्यांत तसें शिकवून ठेविलेलें असतें. तेव्हां मोबाईलनें दाखविलें तेंच डोळ्यांनीं पाहिलें होतें कीं काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं आपणांस जरूर विचारावा.

आतां त्या हमालांविषयीं. बोर्न आपल्या सफरींचीं वर्णनें लंडनच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकांत लिहून पाठवीत असे. एका ठिकाणीं तो सांगतो कीं, हमाल ओझीं टाकून गांवांत लपून बसले, तेव्हां आपण जाड काठी घेऊन त्यांस शोधून काढलें व तिनें त्यांच्या पाठी शेकल्या. सांगण्यांत लपवाछपवी नाहीं, खेदहि नाहीं. त्या काळच्या वाचकास त्यांत वावगें कांहीं वाटलें नसावें. डोंगरी मुलखांत साहेबांच्या प्रवासासाठीं गांवोगांवच्या शेतकऱ्यांस ओझ्याखालीं जुंपण्याची चाल होती. आपल्याकडे तिला वेठबिगार म्हणतात. शेतांत काम असो वा नसो, बोलावणें आलें कीं जावें लागे. मजुरी कधीं थोडी मिळे, कधीं मिळतहि नसे. बोर्न ज्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याच्या बाजूनें सतलजेच्या खोऱ्यांत गेला, त्याच बाजूस कोटगड हें गांव आहे. सन १९०४ मध्यें सॅम्युएल स्टोक्स नांवाचे एक अमेरिकन तरुण कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठीं ह्या देशांत आले, आणि पुढें कोटगडास स्थायिक झाले. त्यांनीं ह्या बेगारीविरुद्ध लोकांच्या बाजूनें झगडा केला, व सन १९२१ मध्यें ती तेथें बंद झाली. त्याच वर्षाच्या जानेवारींत तिकडे कुमाऊंत बागेश्वरच्या जत्रेस जमलेल्या लोकांनीं बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदींत बुडविल्या. म्हणजे बोर्नच्या पहिल्या सफरीनंतर त्या डोंगरांतील माणसास ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार मिळावयास अठ्ठावन वर्षें लागलीं.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग तीं चित्रें वाईट काय? आमचें मत तसें नाहीं. तीं चित्रें फार सुंदर आहेत. देवदारांची रांग, दरीवरचा दोरांचा पूल, हिमाची रेघ, हें सारें त्यानें अशा नेटकेपणानें मांडलें आहे कीं आज दीडशें वर्षांनंतरहि पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. परंतु चित्राच्या चौकटीबाहेर तीस माणसें उभीं होतीं हें ठाऊक झाल्यावर तेंच चित्र अधिक खोल दिसूं लागतें. छायाचित्र वाचणें म्हणजे काय, तर चौकटींत आलें तें पाहणें आणि न आलें त्याची चौकशी करणें.

बोर्नच्या दृष्टीविषयीं आणखी एक मौजेची गोष्ट आहे. हिमालय भव्य आहे हें तो मान्य करी, पण चित्र काढण्यास तो सोयीचा नाहीं, त्यांत सरोवरें नाहींत, पाण्यांत पडलेलीं प्रतिबिंबें नाहींत, अशी त्याची तक्रार असे. काश्मीर त्यास अधिक भावलें. इंग्लंडांतील तळीं आणि टेकड्या पाहून त्याच्या मनांत ‘देखावा’ म्हणजे काय ह्याचा एक सांचा ठरला होता, आणि हिमालय त्या सांच्यांत मावेना. हंसावयाचें कारण नाहीं. आपण महाबळेश्वरास जातों तेव्हां काय करतों? आर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॉम्बे पॉइंट अशीं ठरलेलीं ठिकाणें आहेत. कोणा इंग्रजानें तेथें उभें राहून ‘येथून चांगलें दिसतें’ असें ठरविलें. रस्ते तेथवर गेले, कठडे बांधले गेले, आणि आज हजारों माणसें त्याच कठड्यास टेकून एकच चित्र काढीत असतात. कठड्यापासून शंभर पावलें अलीकडे रस्त्याच्या वळणावर स्ट्रॉबेरीच्या शेतांत काम करणाऱ्या बायका असतात. तिकडे कोणाचें भिंग वळत नाहीं.

पण भिंग वळलें म्हणजे सारें साधलें असेंहि नव्हे. माणसांच्या चित्रांची गोष्ट डोंगरांच्या चित्रांहून अधिक नाजूक आहे. गांवकऱ्यांस चित्रांत उभें केलें कीं ते ताठ होतात, हनुवट्या वर करतात, हात काठीसारखे धरतात, अशी बोर्नची कुरकुर होती. कित्येक सेकंद न हालतां उभें राहण्याची ज्यास आज्ञा झाली, समोरच्या पेटींतून काय निघणार हें ज्यास ठाऊक नाहीं, तो माणूस ताठ न उभा राहील तर काय करील?

मुंबईंत ह्याहून विलक्षण प्रकार झाला. सन १८५४ मध्यें तेथें छायाचित्रणाची एक सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन नांवाचा गृहस्थ होता. मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींविषयीं त्यानें दोन भागांचें सचित्र पुस्तक लंडनला प्रसिद्ध केलें. पहिला भाग सन १८६३ चा, दुसरा सन १८६६ चा. दुसऱ्या भागांत महाराष्ट्रांतील लोक आहेत. ह्या पुस्तकांतील पुष्कळ चित्रें जोडकामाचीं आहेत: माणसांचीं चित्रें एका ठिकाणीं घेतलेलीं, मागचें देऊळ किंवा झाड दुसऱ्याच ठिकाणचें, आणि दोन्ही कापून एकत्र छापलेलीं. पाहणाऱ्यास वाटावें कीं हे लोक आपापल्या जागीं सहज उभे आहेत. प्रत्यक्षांत ते कॅमेऱ्यासाठीं गोळा केलेले. चित्रांखालीं जातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. पुढें सन १८६८ ते १८७५ ह्या काळांत हिंदुस्थान सरकारच्या वतीनें ह्याच धर्तीवर आठ भागांचा मोठा संग्रह निघाला. त्यांतहि हीच तऱ्हा. एका माणसाचें तोंड दाखवून ‘ही अमुक जात, हिचा स्वभाव असा’ असें खालीं छापावयाचें! एका झाडाचें पान आणून सबंध रानाचें वर्णन करावें तसें तें झालें.

हा दोष सरकारी पुस्तकांपुरताच नव्हता हें येथें सांगितलें पाहिजे. मिशनच्या जुन्या आल्बमांतून आम्हीं चित्रें पाहिलीं आहेत. पाद्रीसाहेब व मडमसाहेब ह्यांचीं नांवें आद्याक्षरांसह लिहिलेलीं असतात. त्यांच्या शेजारीं उभे असलेले ‘एक देशी शिक्षक’, ‘एक बायबल बाई’, ‘दुष्काळांत आणलेलीं मुलें’. त्या शिक्षकानें कदाचित् तीस वर्षें त्या खेड्यांत शाळा चालविली असेल. त्याचीं नातवंडें आज आजोबांचा चेहरा शोधूं लागलीं तर त्या आल्बमांत तो असूनहि त्यांस सांपडावयाचा नाहीं, कारण त्याखालीं नांव नाहीं.

दुष्काळावरून एक कठोर उदाहरण आठवतें. सन १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळांत मद्रास इलाख्यांत हूपर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें भुकेनें सांपळे झालेल्या माणसांचीं चित्रें घेतलीं. माणसें नीट ओळीनें बसवून, उभीं करून घेतलेलीं तीं चित्रें आहेत. त्या चित्रांनीं परदेशांत दुष्काळाची भीषणता कळली हें खरें. परंतु ज्यांस बसण्याचें त्राण नाहीं त्यांस चित्रासाठीं बसवावें काय, असा प्रश्न त्याहि काळीं लोकांनीं केला व त्याच्यावर टीका झाली. मोठ्या माणसांच्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. पण रस्त्याच्या कडेला निजलेल्या भिकाऱ्याचें चित्र काढून मित्रांत वांटणाऱ्या मुलास हा प्रश्न लहान रूपांत लागू आहे.

ह्या सर्वांहून वेगळ्या तऱ्हेचा एक माणूस त्याच काळांत होऊन गेला. लाला दीनदयाळ ह्यांचा जन्म सन १८४४ मध्यें मीरतेजवळच्या सरधना येथें झाला. रुरकीच्या कॉलेजांत त्यांनीं स्थापत्याचें शिक्षण घेतलें व ते इंदुरास नोकरीस लागले. मोजमाप व नकाशे हें त्यांचें काम; छायाचित्रण आवडीचें. सन १८८२ मध्यें सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर बुंदेलखंडांत फिरून त्यांनीं तेथील वाडे, देवळें व किल्ले ह्यांचीं चित्रें घेतलीं. मध्य हिंदुस्थानांतील वास्तूंवरील ग्रिफिनसाहेबांच्या पुस्तकांत तीं छापलेलीं आहेत. इमारत कोठून पाहिली असतां तिचा कोन सरळ राहतो आणि ऊन किती तिरपें असलें म्हणजे कोरीवकाम उठून दिसतें, हें ज्यानें नकाशे काढले आहेत त्यास आपोआप कळतें. पुढें ते निजामाच्या पदरीं राहिले. सन १८९२ च्या सुमारास त्यांनीं हैदराबादेस पडद्यांतील स्त्रियांसाठीं स्वतंत्र चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईच्या हवालीं केली. तेथें पुरुषाचा प्रवेश नसे. धंद्याची हुशारी त्यांत होतीच. पण चित्र काढून घेणारीची रीत काय आहे हें आधीं पाहावें व मग आपली रीत तिच्याशीं जुळवावी, ही समजूतहि त्यांत होती. बोर्न हमालांस आपल्या कामाशीं जुळवीत होता. दीनदयाळ आपलें काम लोकांशीं जुळवीत होते.

त्या काळच्या वास्तुचित्रांत खांबापाशीं एखादा माणूस उभा केलेला पुष्कळदां आढळतो. तो शोभेसाठीं नसे, मापासाठीं असे. ही युक्ति आजहि उपयोगी आहे. माणसास मापपट्टी करावयाचीच असेल तर आपल्या सोबत्यास उभें करावें. रस्त्यानें जाणाऱ्यास नव्हे.

जुन्या चित्रांचा एक मोठा उपकारहि नमूद केला पाहिजे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या रंगीत नकला करण्यासाठीं मेजर रॉबर्ट गिल ह्यांची सन १८४४ मध्यें नेमणूक झाली. वर्षानुवर्षें खपून त्यांनीं केलेल्या नकलांपैकीं बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें सन १८६६ च्या आगींत जळून गेल्या. परंतु गिलसाहेबांनीं पुढें कॅमेराहि हातीं धरला होता. लेण्यांचीं व आसपासच्या प्रदेशाचीं त्यांचीं दुहेरी छायाचित्रें, जीं विशिष्ट दुर्बिणींतून पाहिलीं असतां खोली दिसते, सन १८६४ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं होतीं, तीं उरलीं. त्यांच्या थडग्याची जागा भुसावळ येथें आहे. ते सन १८७९ मध्यें वारले. अजिंठ्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, लेण्यांच्या आंत चमकदिव्यानें चित्र घेण्यास मनाई आहे. प्रखर प्रकाश रंगांस बाधक होऊं शकतो आणि शेजारीं डोळे अंधारास सरावून उभे राहिलेल्या माणसासहि तो त्रासदायक होतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. किल्ला ढिगाऱ्याएवढा कां दिसतो? त्याचें उत्तर गणितांत आहे. समजा, एक झोंपडी १० फूट उंच आहे व तुम्ही तिच्यापासून २० फुटांवर उभे आहां. तिच्यामागें तुमच्यापासून ५००० फुटांवर १००० फूट उंचीचा डोंगर आहे. उंचीस अंतरानें भागा. झोंपडीचें मान १०/२०, म्हणजे ०·५. डोंगराचें १०००/५०००, म्हणजे ०·२. चित्रांत झोंपडी डोंगराच्या अडीचपट उंच दिसणार. आतां १८० फूट मागें चालत जा. झोंपडी २०० फुटांवर गेली. तिचें मान ०·०५ झालें. डोंगर ५१८० फुटांवर गेला. त्याचें मान ०·१९ च्या आसपास राहिलें. आतां डोंगर झोंपडीच्या जवळजवळ चौपट झाला! भिंग बदललें नाहीं, डोंगर हालला नाहीं. दोनशें फुटांच्या आंतबाहेर तुम्हीच हाललां. दोन वस्तूंच्या आकारांचें परस्पर प्रमाण उभें राहण्याच्या जागेनें ठरतें. मोबाईलचें नेहमींचें भिंग फार रुंद पाहतें, त्यामुळें सारेंच बारीक येतें; म्हणून आधीं मागें जावें व मग चित्र जवळ ओढण्याची सोय वापरावी. उलट क्रमानें केल्यास हें साधत नाहीं.

दुसरी गोष्ट उजेडाची. सह्याद्रीचा दगड काळा व थरांचा आहे. भर दुपारीं ऊन डोक्यावरून पडतें, तेव्हां कडा काळ्या फळ्यासारखा सपाट दिसतो. ऊन तिरपें झालें म्हणजे प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि कड्याच्या पायऱ्या मोजतां येतात. त्यांतहि कड्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें पाहिलें पाहिजे. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा पश्चिमेकडे पाहतो. सकाळीं सहा वाजतां उठून तेथें धांवत जाणाऱ्यास कडा अंधारांत सांपडतो. त्याचा उजेड दुपार टळल्यावरचा. पूर्वेकडे तोंड असलेल्या कड्याचें बरोबर उलट. सहलीपूर्वीं नकाशा घेऊन ह्याचा विचार करावा. भूगोलाचा तास त्यासाठींच असतो. परीक्षा हा त्याचा गौण उपयोग आहे.

माणसांच्या बाबतींत मात्र नकाशा व भागाकार कामाचे नाहींत. दोन वर्षांपूर्वीं आम्ही आठवीच्या मुलांस घेऊन एका कोळीवाड्यावर गेलों होतों. बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगलेले होते. ऊन मागून येत असल्यामुळें ते रुपेरी दिसत होते. एक कोळीण त्यांची उलथापालथ करीत होती. एका मुलानें दुरून तिचीं पांच-सहा चित्रें घेतलीं. तिनें मान न वळवितां विचारलें, “फोटो काढलास पोरा, मग नांव नाय विचारलंस?” मुलगा ओशाळून पुढें गेला व त्यानें नांव विचारलें. मग ती बोलूं लागली: बोंबील किती दिवसांत वाळतो, ढग आले तर काय करावें लागतें, कोणता बोंबील बाजारांत जातो आणि कोणता खतांत, ह्या मांडवाची जागा कोणाची होती व आतां कोणाची होऊं पाहते आहे. अर्धा तास झाला. त्यानंतर घेतलेलें चित्र व आधींचीं चित्रें आम्हीं वर्गांत शेजारीं शेजारीं मांडलीं. आधींच्यांत सुंदर उजेड होता. नंतरच्यांत उजेड तितका चांगला नव्हता, पण तिचा हात एका विशिष्ट बोंबलावर थांबलेला होता, आणि तो कां थांबला हें आतां सर्व मुलांस ठाऊक होतें. तिचें नांव आमच्या वहींत आहे. छापण्यासाठीं तिची संमति घेतलेली नाहीं, म्हणून येथें देत नाहीं.

विचारल्यावर एखादा ‘नको’ म्हणतो. तेथें विषय संपला. कारण विचारूं नये, आर्जव करूं नये, पाठ फिरल्यावर तर मुळींच काढूं नये. पैसे देऊन संमति विकत घेण्याची संवयहि आम्हांस पसंत नाहीं. त्यानें पुढच्या प्रवाशाची वाट बिघडते व मुलें शाळा सोडून चित्रासाठीं उभीं राहूं लागतात. वारींत, जत्रेंत, मिरवणुकींत प्रत्येकास विचारणें शक्य नसतें हें आम्ही जाणतों. समुदायाचें चित्र समुदायाचें म्हणून घ्यावें. पण नदींत स्नान करणारे, रडणारे, प्रार्थनेंत डोळे मिटलेले ह्यांच्या तोंडासमोर भिंग नेण्यास गर्दी हें निमित्त होत नाहीं.

चित्राखालचा मजकूर हा चित्राचाच भाग समजावा. मोबाईल दिवस, वेळ व पुष्कळदां जागाहि आपोआप नोंदवून ठेवतो. ती नोंद चित्र दुसऱ्यास पाठवितांना बहुधा गळून पडते. म्हणून वही पाहिजे. “डोंगर, सहलींतील” एवढें लिहून भागत नाहीं. “कोंकणकडा, हरिश्चंद्रगड, कड्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे पाहतांना, सायंकाळीं साडेचार, आदल्या रात्रीं पाऊस,” असें लिहिलें म्हणजे वीस वर्षांनीं दुसरा कोणी त्याच जागीं उभा राहून काय ढासळलें व काय उगवलें हें ताडून पाहूं शकेल. माणसाच्या चित्राखालीं नांव, काम, गांव, आणि परवानगी कशासाठीं मिळाली हें लिहावें. वर्गांत दाखविण्यास मिळालेली परवानगी जगभर पाठविण्यास पुरत नाहीं.

आईबापांस एक विनंति. तीनशें चित्रें काढून आणणाऱ्या मुलास शाबासकी देण्याऐवजीं त्यास घरीं बसवून त्यांतलीं दहा निवडण्यास सांगावें, आणि प्रत्येकाखालीं चार ओळी लिहवून घ्याव्यात. दहांपैकीं दोन-तीन तरी कागदावर छापून घ्यावींत. बोर्नच्या कांचेस ओरखडा पडे, पण ती दिसे. मोबाईलमधील चित्र मोबाईल बिघडला कीं दिसतहि नाहीं व सांपडतहि नाहीं. आणि ज्याचें चित्र घेतलें त्यास एक छापील प्रत पाठवावी. टपालास फारसें पडत नाहीं.

कोळीवाड्यावर आम्हीं चार प्रती पाठविल्या. उत्तर आलें नाहीं. पुढच्या वर्षीं नवीन मुलांस घेऊन तेथें गेलों, तेव्हां त्यांतील एक प्रत तिच्या ओटीवर तसबिरींच्या रांगेंत लावलेली होती. तिनें ती काढून मुलांच्या हातीं दिली आणि सांगितलें कीं, ह्यांत मागच्या होड्या चिखलांत बसल्यासारख्या दिसतात. ह्या खेपेस भरती येईपर्यंत थांबा आणि मग काढा.